प्रदर्शनाला किंवा क्रीडेला न जमलेल्या कुत्र्यांसाठी घर शोधताना काय पाहावे?

सुमेधा_थाटीपूर

नमस्कार. माझे मामा ग्वाल्हेरजवळ मुरारच्या पलीकडे अनेक वर्षांपासून लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड पाळतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेने होणाऱ्या प्रदर्शनांत त्यांचे कुत्रे उतरतात आणि पिल्ले ओळखीच्या, पारखून घेतलेल्या घरांतच जातात. वयोमानामुळे त्यांना आता केनेल आवरते घ्यायचे आहे, आणि ज्या कामासाठी ठेवले त्या कामाला न जमलेल्या दोन कुत्र्यांसाठी घर शोधण्याची जबाबदारी त्यांनी माझ्यावर सोपवली आहे.

पहिला मोती, अकरा महिन्यांचा पिवळा लॅब्रेडॉर. आठव्या आठवड्यात त्याची ठेवण, डोके आणि चाल इतकी चांगली दिसत होती की मामांनी तो प्रदर्शनाच्या रिंगसाठी राखून ठेवला. पुढे त्याचे एक वृषण खाली उतरलेच नाही, आणि जातीच्या मानकात नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर अपेक्षित असताना तो ६१ वर पोहोचला. दुसरी तारा, अडीच वर्षांची जर्मन शेफर्ड मादी. ती आयजीपी या क्रीडाप्रकारासाठी घेतली होती. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे त्याचे तीन भाग असतात, प्रत्येकाला १०० गुण. माग काढण्यात ती फार हुशार आहे, परंतु आज्ञापालनाच्या वेळी बंदुकीचे बार काढले जातात आणि पहिला बार ऐकताच ती कान पाडून हँडलरच्या, म्हणजे तिला हाताळणाऱ्याच्या, पायांत शिरते. बाराला घाबरणारा कुत्रा त्या स्पर्धेतून बाद होतो.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याने पिल्लू जन्माला घातले किंवा एखाद्या हेतूने विकत घेतले, त्याचे उत्तरदायित्व तो हेतू फसल्यावर संपत नाही. तरीही प्रत्यक्षात काय करावे, याबद्दल तुमचे अनुभव हवे आहेत. कशा घरात द्यावे, नोंदणीची कागदपत्रे सोबत द्यावीत का, पैसे घ्यावेत का, आणि नंतर आपण त्या घरात किती लक्ष घालावे?

मुरारवासी

सुमेधाताई, माझ्या मते दोघांनाही शेतावर द्यावे. आपल्याकडे डबरा, भितरवार भागांत मोकळी जागा भरपूर आहे, शेतकऱ्याला राखणीसाठी मोठा कुत्रा हवाच असतो, आणि कुत्र्यालाही पिंजऱ्यापेक्षा मोकळे रान बरे. शहरातल्या फ्लॅटमध्ये जर्मन शेफर्ड कोंडण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

रेवती_लष्कर

मुरारवासी, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी याच्याशी पूर्ण असहमत आहे. 'शेतावर देणे' याचा अर्थ बहुतेक वेळा विहिरीजवळच्या खांबाला साखळीने बांधणे असाच होतो. मालक रात्री गावात निजतो आणि कुत्रा एकटा राहतो. लॅब्रेडॉर हा माणसांच्या पायांत घोटाळणारा कुत्रा आहे. त्याला कोणी येताना दिसले की तो शेपूट हलवतो. त्याच्याकडून राखणीची अपेक्षा धरणारा मालक महिन्याभरात निराश होईल, आणि निरुपयोगी ठरण्याची पाळी त्याच कुत्र्यावर दुसऱ्यांदा येईल.

ताराच्या बाबतीत तर हा सल्ला धोक्याचा आहे. आपण ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात राहतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करण्याची येथली खोड बंदी असूनही पुरती गेलेली नाही, आणि गावाकडे ती शहरापेक्षा जास्त आहे. जी मादी सरावाच्या मैदानावर एका बाराने थरथरते, ती लग्नसराईच्या रात्री साखळी तोडून पळेल आणि पहाटेपर्यंत झाशी रस्त्यावर एखाद्या ट्रकखाली सापडेल. तिला भक्कम दाराचे आणि आतल्या खोलीचे घर हवे.

किल्ल्याखालचा

रेवतीताईंना अनुमोदन.

मुरारवासी

साखळीचा मुद्दा मान्य आहे. मात्र सगळेच शेतकरी तसे नसतात. आमच्या आत्यांच्या मळ्यावर माणसे राहतात आणि कुत्री घरात येतात-जातात. शेत की शहर यापेक्षा कुत्रा रात्री कुठे निजणार हे विचारावे, असे म्हणतो.

निवृत्त_श्वानपथक

हा प्रश्न आपण नेमका विचारलात म्हणून लिहितो. टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत १९७० पासून श्वान प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र आहे. माझे शिक्षण तेथेच झाले आणि पुढची नोकरी पोलिसांच्या श्वानपथकात गेली. कामाला न जमलेला कुत्रा म्हणजे काय, हे आम्हाला रोज पाहावे लागे.

कुत्रा बाद होतो तो दोन अगदी उलट कारणांनी, आणि घर शोधताना सगळे काही या फरकावर ठरते. स्फोटके शोधण्याचे शिक्षण चेंडूवर उभे असते. ठरावीक गंध सापडला की चेंडू मिळतो, एवढेच कुत्र्याला ठाऊक असते, आणि त्या चेंडूसाठी तो भर उन्हात, गर्दीत, पंधरा-वीस मिनिटे नाक खाली घालून राबतो. ज्याला चेंडूची तेवढी ओढ नाही तो बाद होतो. अर्ध्या वाटेत तो प्रशिक्षकाच्या मांडीवर डोके ठेवतो. असा कुत्रा घरासाठी उत्तम. उलट, ज्याची ओढ इतकी तीव्र आहे की तो स्वतःला आवरू शकत नाही, गंध नसतानाही खूण करतो आणि अंगात आल्यासारखा भुंकत राहतो, तोही बाद होतो. हा दुसरा कुत्रा निवृत्त जोडप्याच्या घरी दिला तर तो पहिल्या आठवड्यात दाराची चौकट कुरतडेल. त्याला घर नको असे नाही, पण रोज डोके चालवायला काम देणारा तरुण, अनुभवी मालक लागेल.

तेव्हा मामांना एवढेच विचारा: या कुत्र्यात काय कमी पडले, की काय जास्त झाले? मोतीच्या बाबतीत दोन्ही नाही, केवळ शरीराचे माप चुकले आहे. ताराच्या बाबतीत आवाजाचे भय आहे, पण नाक उत्तम आहे. तिला घेणाऱ्याने रोज अंगणात, गच्चीवर वस्तू लपवून शोधायला लावल्या, तर ती समाधानाने राहील.

आणखी एक गोष्ट. एका कामाला नापास झालेला कुत्रा दुसऱ्या कामात नाव काढतो, याची उदाहरणे आहेत. तैवानमध्ये रॉजर नावाचा लॅब्रेडॉर अमली पदार्थ शोधण्याच्या शिक्षणात खेळकरपणामुळे टिकला नाही. त्याला शोध-बचाव पथकात घेतले, आणि एप्रिल २०२४ च्या ह्वालिएन भूकंपात ढिगाऱ्याखालील मृतदेहाचा माग त्याने काढला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पोलिसांनी गॅव्हल नावाचे जर्मन शेफर्ड पिल्लू फारच प्रेमळ म्हणून परत केले. २०१७ मध्ये ते तेथील राज्यपालांच्या निवासस्थानी पाहुण्यांचे स्वागत करू लागले.

सुमेधा_थाटीपूर

काका, 'काय कमी, काय जास्त' हा प्रश्न आजच मामांना विचारला. ते म्हणाले की तारा मैदानाबाहेर शांत असते, खेळ संपला की खेळ सोडते. म्हणजे ती पहिल्या प्रकारातली, असे समजते.

पशुवैद्य_महू

वैद्यकीय बाजू थोडी विस्ताराने लिहितो, कारण घर शोधण्याच्या घाईत ती मागे पडते आणि खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

मोतीचे न उतरलेले वृषण पोटात आहे की जांघेत, हे आधी सोनोग्राफीने पाहावे. शरीराच्या उष्णतेत राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि कधी कधी ते पिळले जाऊन तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते. हा दोष आनुवंशिक असल्यामुळे केवळ आतले काढून बाहेरचे ठेवणे योग्य नव्हे, दोन्ही काढावीत. मोठ्या चणीच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण फार लवकर केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असे अभ्यासांत दिसले आहे, म्हणून वाढ पूर्ण होऊ देणे बरे. मोती लवकरच वर्षाचा होईल, तेव्हा वेळ जवळ आली आहे. ही शस्त्रक्रिया मामांनीच करून द्यावी, 'तुम्ही करून घ्या' असे सांगून नव्या घरावर सोपवू नये.

ताराचे निर्बीजीकरण माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करावे. न केलेल्या मादीत माजानंतरच्या आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार संभवतो. नवखा मालक 'पाणी फार पिते, सुस्त आहे' एवढेच पाहतो आणि उशीर होतो.

दोघांच्याही खुब्याचे एक्स-रे काढून घ्यावेत, कारण दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो. अनेक कुत्री एकत्र राहतात तेथे गोचीड असतेच, म्हणून गोचिडतापासाठी रक्त तपासावे. रेबीजची लस, इतर लसी आणि जंतनाशक यांच्या तारखा एका वहीत लिहून ती वही कुत्र्यासोबत जावी.

लॅब्रेडॉरसाठी खास सूचना अशी की त्याचा खादाडपणा हा केवळ लाडाचा परिणाम नसतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. त्यात निर्बीजीकरणानंतर शरीराची गरज कमी होते. घरातल्या प्रत्येकाने पोळीचा तुकडा दिला, तर वर्षभरात मोतीचे वजन सांध्यांना पेलवणार नाही. दिवसाचे अन्न मोजून कोण देणार, हे आधीच ठरवायला सांगा.

बडोदेकर_अनघा

माझ्याकडे एका ब्रीडरकडून आलेली निवृत्त गोल्डन रिट्रीव्हर मादी आहे. ती प्रदर्शनांत चॅम्पियन झालेली, नंतर तिची पिल्ले झाली, आणि सहाव्या वर्षी ती आमच्या मांजलपूरच्या घरी आली. सुमेधाताईंचे कुत्रे तरुण आहेत, तरी केनेलमध्ये वाढलेला कुत्रा घरात आल्यावर काय होते ते सांगते.

पहिली अडचण शी-शूची. केनेलमध्ये सिमेंटची फरशी असते आणि कुत्रा तिथेच उरकतो. आमच्या बैठकीतली फरशी तिला तशीच वाटली. रागावून काहीच साधले नसते. दर दोन तासांनी बागेत नेणे आणि गवतावर केले की लगेच खाऊ देणे, हाच उपाय लागू पडला.

दुसरी गोष्ट मला अगदी अनपेक्षित होती. तिला 'बस' कळत नव्हते, कळले तरी ती बसत नसे. रिंगमध्ये परीक्षकासमोर चारही पाय नीट रोवून उभे राहायचे असते, म्हणून अनेक हँडलर प्रदर्शनाच्या कुत्र्याला बसायला मुद्दाम शिकवत नाहीत. आमचे शेजारी म्हणत की चॅम्पियन असून एवढेही येत नाही. तिला जे शिकवले होते ते मात्र ती अचूक करत होती. दवाखान्यात ती टेबलावर पुतळ्यासारखी उभी राहते, दात पाहू देते, नखे कापू देते. आमच्या डॉक्टरांना असा रुग्ण क्वचित मिळतो.

तिसरी गोष्ट आवाज. कुकरची शिट्टी, मिक्सर, छताचा पंखा, यांतले काहीच तिने पाहिले-ऐकले नव्हते. जिना चढायला आली, उतरताना मात्र वरच्या पायरीवर अडून बसली. कुत्र्याचे जग साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात ठरत जाते, आणि तेव्हा जे दिसले नाही त्याची पुढे सवय होते, पण सावकाश. सुमेधाताई, शक्य असल्यास दोघांनाही देण्यापूर्वी काही आठवडे तुमच्या स्वतःच्या घरी आणून ठेवा. घराचे वळण तुमच्याकडेच लागले तर नव्या घरातून परत येण्याची शक्यता बरीच कमी होईल, आणि ते घरात कसे वागतात हे तुम्हालाही खरे सांगता येईल.

देशी_श्वान_इंदूर

मला एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे. रस्त्यावर पिल्ले भुकेने आणि गाड्यांखाली मरत असताना जातिवंत कुत्र्यांसाठी एवढी चांगली घरे शोधावी लागतात, याचे कारण काय? मुळात प्रदर्शनासाठी आठ-दहा पिल्ले जन्माला घालायची, त्यांतील एक-दोन ठेवायची आणि उरलेल्यांना समाजाने सामावून घ्यायचे, ही पद्धतच मला मान्य नाही. घर देऊ शकणारी कुटुंबे मोजकी असतात. मोतीला मिळालेले घर हे एखाद्या देशी पिल्लाचे गेलेले घर असते.

निवृत्त_श्वानपथक

तुमची तळमळ पोहोचली. परंतु मोती आणि तारा जन्मलेले आहेत. त्यांना घर नाकारून एकही देशी पिल्लू वाचणार नाही. पद्धतीबद्दल बोलायचे तर तुमचे म्हणणे मला पटते. पिल्ले होऊ देण्यापूर्वीच, त्यांतील न निवडल्या जाणाऱ्यांना घर देणारी माणसे हाताशी असली पाहिजेत. तशी माणसे नसतील तर ती वीण होऊ देऊ नये.

सुमेधा_थाटीपूर

देशी_श्वान, मामांनी केनेल बंद करण्याचे ठरवले आहे, नवी वीण होणार नाही. तरीही तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मामांकडे आजवर न निवडलेली पिल्ले आठ आठवड्यांनंतर घरगुती कुत्री म्हणून दिली जात, आणि त्यांना घर मिळणे सोपे असे, कारण लहान पिल्लू सर्वांनाच हवे असते. कठीण होते ते पारख करण्यासाठी थांबवून ठेवलेल्यांचे. दात, वृषण, उंची, धीटपणा या गोष्टी आठव्या आठवड्यात कळत नाहीत. त्या कळेपर्यंत पिल्लाचे गोंडसपण सरलेले असते आणि घराची सवय लावण्याचे उत्तम दिवसही गेलेले असतात. ठेवून घेणाऱ्याने त्याला त्या काळात केनेलमध्येच न ठेवता घर, रस्ता, माणसे दाखवली पाहिजेत, कारण तो निवडला जाईलच याची खात्री कोणालाच नसते.

सोलापूरचा_इंदूरकर

याच प्रकारचे दुःख आमच्याकडे कारवानी, म्हणजेच मुधोळ हाउंड, कुत्र्यांच्या वाट्याला येते. सोलापूर, सांगली भागांत ही कुत्री सशामागे पळण्याच्या वेगासाठी पाळली जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, ससा मारणे गुन्हा आहे, तरी 'पळत नाही' म्हणून कुत्रा सोडून देण्याची वृत्ती काही ठिकाणी शिल्लक आहे. वस्तुतः हा कुत्रा घरात अतिशय शांत असतो, दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो, अंगाला वास नसतो. अट एवढीच की पळणारी वस्तू दिसली की त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून कुंपण नसलेल्या जागी त्याचा पट्टा कधी सोडू नये, आणि घरात मांजर असेल तर द्यायचा विचार फार जपून करावा. टपाल खात्याने २००५ मध्ये मुधोळ हाउंडचे तिकीट काढले, तो मान योग्यच होता. तितकेच प्रेम न पळणाऱ्या कुत्र्यालाही मिळावे असे वाटते.

रेवती_लष्कर

पैशांचा प्रश्न मागे राहिला. माझे मत असे की कुत्रा फुकट देऊ नये. जातिवंत कुत्रा फुकट मिळतो म्हटले की पिल्ले विकून पैसा करणारे सर्वांत आधी येतात. 'मुलाला फार आवड आहे' असे सांगून मादी नेतात आणि दर माजाला तिची पिल्ले काढतात.

किल्ल्याखालचा

पण पैसे घेतले की देणारा विक्रेता होतो आणि घेणाऱ्याला वाटते की आता मी काहीही करीन. शिवाय चांगले घर गरिबाचेही असू शकते. निर्बीजीकरण करूनच कुत्रा दिला, तर पिल्ले विकणाऱ्याचा रस आपोआप संपतो. मग पैसे कशाला?

पशुवैद्य_महू

किल्ल्याखालचा यांच्याशी सहमत आहे. माझा अनुभव असा की निर्बीजीकरण झाले आहे हे ऐकताच निम्मे फोन बंद होतात, आणि जे उरतात तेच बोलण्याजोगे असतात. ताराची शस्त्रक्रिया माजाच्या हिशेबाने थांबवावी लागली, तर तिला त्याआधी देऊच नये. नोंदणीपत्रही निर्बीजीकरणाचा दाखला हाती असल्याशिवाय देऊ नये.

बडोदेकर_अनघा

ब्रिटनमध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंडसाठी २०२० पासून एक चांगली योजना आहे. योजना सुरू झाली तेव्हा कुत्र्याची शर्यतीसाठी नोंदणी होतानाच ४०० पौंड बाजूला ठेवले जात. निम्मे मालकाचे, निम्मे नियामक मंडळाचे. कुत्रा निवृत्त झाला की ती रक्कम त्याला घर शोधून देणाऱ्या संस्थेला मिळते. म्हणजे घर शोधण्याचा खर्च निवृत्तीच्या दिवशी कोणाच्या दयेवर राहत नाही. आपल्याकडे प्रदर्शनासाठी नोंदणी करतानाच प्रत्येक पिल्लामागे अशी रक्कम ठेवण्याचा नियम झाला, तर माझ्या मते फार बरे होईल. सुमेधाताईंच्या मामांनी शस्त्रक्रियांचा खर्च उचलला तर तेही याच न्यायाने आहे.

वकील_दौलतगंज

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा असे सांगतो की प्राणी भुकेने, तहानेने तळमळेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, म्हणजे कायद्याच्या धाकावर विसंबता येत नाही. श्वान प्रजनन आणि विक्रीचे २०१७ चे नियम ब्रीडरला राज्य मंडळाकडे नोंदणी बंधनकारक करतात आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई करतात. सोसायटीत कुत्रा ठेवू देत नाहीत अशी अडचण कोणी सांगितली, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे त्यांत स्पष्ट आहे.

तरीही खरे रक्षण तुमच्या लेखी कराराने होईल. त्यात एक वाक्य ठळक लिहा: काही कारणाने कुत्रा ठेवणे शक्य झाले नाही, तर तो इतर कोणालाही न देता, कोणत्याही वयात, तुमच्याकडेच परत द्यायचा आणि तुम्ही तो विनातक्रार परत घ्यायचा. मायक्रोचिपची नोंद नव्या मालकाच्या नावे करताना तुमचा दूरध्वनी क्रमांकही पर्यायी म्हणून राहू द्या.

मुरारवासी

विनातक्रार परत घेणे हे मामांच्या वयाला झेपेल का? करारात लिहिणे सोपे आहे, पण मोती आणखी दहा-बारा वर्षे जगेल.

सुमेधा_थाटीपूर

हाच विचार रात्रभर केला. करारावर मामांच्या सोबत माझी सही राहील आणि परत घेण्याचे वचन माझे असेल. आमच्या घरी जागा आहे आणि यजमानांचीही संमती आहे.

दरम्यान एक विचारणा इंदूरहून आली आहे, तारासाठी. कुटुंब चांगले वाटते. मे महिन्यात तिला रेल्वेने पाठवावे का?

पशुवैद्य_महू

मे महिन्यात मुळीच पाठवू नका. ग्वाल्हेरला तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो आणि गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी म्हणजे तापलेले लोखंड. रेल्वेनेच न्यायचे असेल तर वातानुकूलित पहिल्या वर्गात संपूर्ण कूपे आरक्षित करून स्वतः सोबत जावे. त्याहून बरे म्हणजे त्या कुटुंबालाच आधी ग्वाल्हेरला बोलवा. घरातली सगळी माणसे ताराला भेटू द्या, एकदा नव्हे, जमल्यास दोनदा. जे एवढा प्रवास करायला तयार नाहीत ते पुढे दवाखान्याच्या फेऱ्याही करणार नाहीत. आणि प्रत्यक्ष पाठवणी पाऊस पडून हवा उतरल्यावर, पण दिवाळीच्या फटाक्यांच्या बऱ्याच आधी करा, म्हणजे तिला घर ओळखीचे झालेले असेल.

सुमेधा_थाटीपूर

तसेच करते. सर्वांच्या सूचना वाचून दोघांसाठी निवेदनाचा मसुदा केला आहे. काही खटकले तर सांगावे.

"मोती. पिवळा लॅब्रेडॉर, नर, अकरा महिने. उंची जातीच्या मानकापेक्षा जास्त. एक वृषण उतरलेले नाही; शस्त्रक्रिया देण्यापूर्वी आमच्या खर्चाने होईल. केनेलमध्ये वाढला आहे, घरात राहण्याचे वळण सध्या आमच्याकडे लावत आहोत. गाडीत शांत बसतो, चपला चावतो, अन्न दिसले की थांबत नाही. मुलांत रमतो. दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या घरात किंवा बांधून ठेवण्यासाठी देणार नाही."

"तारा. जर्मन शेफर्ड, मादी, अडीच वर्षे. आज्ञापालन उत्तम, वास घेऊन वस्तू शोधण्यात अतिशय हुशार. मोठ्या आवाजाला घाबरते. निर्बीजीकरण करूनच देणार. राखणीसाठी देणार नाही."

निवृत्त_श्वानपथक

मसुदा प्रामाणिक आहे. दोन ठिकाणी बदल करा. 'मुलांत रमतो' हे कोणी, किती वयाच्या मुलांसोबत पाहिले? अकरा महिन्यांचा लॅब्रेडॉर प्रेमाने अंगावर आला तरी तीन वर्षांचे मूल आडवे होते. जे पाहिले तेवढेच लिहा. आणि 'मोठ्या आवाजाला घाबरते' हे फार मोघम आहे. प्रत्येक कुत्रा थोडाफार घाबरतो, असे समजून लोक ते वाक्य ओलांडून जातील. घाबरली की ती नेमके काय करते, आणि किती वेळाने सावरते, ते लिहा.

सुमेधा_थाटीपूर

मामांना विचारून दोन्ही वाक्ये बदलली.

मोती: "शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांशी नीट खेळताना पाहिला आहे, अगदी लहान मुलांशी आणि मांजरांशी त्याची अजून गाठ पडलेली नाही."

तारा: "बंदुकीचा बार किंवा फटाका वाजल्यास माणसाच्या पायांत शिरते, थरथरते आणि तास-दीड तास अन्नाला तोंड लावत नाही, चावत नाही, परंतु दार उघडे असल्यास पळू शकते. कुकर, मिक्सर, ढगांचा गडगडाट यांना घाबरत नाही. दिवाळीत आणि लग्नाच्या दिवसांत रात्री तिच्यासोबत घरात थांबू शकेल अशाच कुटुंबाने संपर्क साधावा."

इंदूरच्या कुटुंबालाही हेच शब्द पाठवले आहेत. ते पुढच्या रविवारी आजींसह तिला पाहायला येत आहेत, आणि फटाक्यांच्या रात्री थांबायला घरात कोण असते, हे त्यांनी आपणहून लिहून कळवले आहे.